वरची ओळ, खालची ओळ

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान चोवीस वर्षं एकाच जागी होतं. पुढे मशीनवर ते स्वतः, मागे काज-बटणांना त्यांची थोरली बहीण. दोघांत बोलणं बेताचंच, कारण ताईंच्या ओठांत बहुतेक वेळ टाचण्या धरलेल्या असत.

भाचीने मास्तरांच्या फोनवर बागेचा एक खेळ घालून दिला आणि ते त्यात पार गुंतले. फुलं जुळवायची, पायऱ्या चढायच्या, बक्षिसं घ्यायची. बक्षिसांच्या दोन ओळी होत्या: वरची फुकट, खालची पैसे भरणाऱ्यांची. विसाव्या पायरीवर मास्तरांना एक झारी मिळाली. तिच्याच खाली कुलूप लावलेलं संगमरवरी कारंजं दिसत होतं. भरल्या ताटावरून उठवल्यासारखं त्यांना वाटलं. जे हातात धरता येत नाही त्याला पैसे मोजायचे नाहीत, हे त्यांचं तत्त्व. पण त्या कुलपाने त्यांची झोप उडवली. आपल्यासारख्या चिवट माणसाची ही गत, तर गिऱ्हाइकांची काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला.

सोमवारी दुकानात पुठ्ठा लागला. मुदत एक महिना, दर कामाला एक शिक्का. वरच्या ओळीत सुटलेलं बटण, पँटची दुमड, दहाव्या शिक्क्याला उशीचा अभ्रा. खालची ओळ सोनेरी कार्ड विकत घेणाऱ्यांसाठी: चोरखिसा, अस्तर, आणि दहाव्या शिक्क्याला चक्क कोटाची शिलाई. या ओळीवरच्या कुलपांची चित्रं ताईंनी काढली होती. ती किटलीसारखी दिसत, त्यामुळे पहिले दोन दिवस लोक चहा कधी मिळणार ते विचारत होते.

सोनेरी कार्डाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फुकटच्या ओळीवर मात्र गाव लोटलं. निवृत्त पोस्टमन एकाच शर्टाची सहा बटणं सहा वेगवेगळ्या दिवशी घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी पुठ्ठा दोनदा वाचला, ‘काम’ म्हणजे नेमकं काय ते त्यावर लिहिलेलं नाही हे दाखवून दिलं, आणि मोज्यांच्या जोडीवर दोन शिक्के घेतले. एकदा ताईंनी एक उसवलेला खिसा उजेडात धरला, टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, “हे फाटलेलं नाही रे. हे फाडलंय.”

मास्तर सकाळपासून चिंध्या सांधत बसू लागले. बागेतली फुलं तशीच राहिली.

कार्ड घेतलं ते एकट्या शेजारच्या केमिस्टने, आणि तेही ती कुलपं बघवत नाहीत म्हणून. बिचारा आयुष्यभर तयार कपडे घालत आलेला. सव्विसाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपल्या कार्डावर एकही शिक्का नाही आणि टोकाला कोट आहे. मग त्याने दुकानाचा पडदा आणला, दोन ॲप्रन आणले, वजनकाट्याला खोळ शिवून घेतली, सासूबाईंच्या पाच पिशव्यांचे बंद बदलले. शेवटच्या संध्याकाळी नऊ शिक्के झाले आणि घरात शिवण्यासारखं काही उरलं नाही. तो दुकानात आला, इकडेतिकडे पाहिलं, कपडे घालून बघायच्या पडद्याआड गेला आणि आतून त्याने अंगातली पँट बाहेर दिली.

“कुठे उसवलीय?” मास्तरांनी विचारलं.

“कुठेच नाही,” आतून आवाज आला. “अर्धा इंच आखूड करा.”

रांगेतल्या वकीलबाईंनी हे नियमात बसतं असा निवाडा दिला. ताईंनी शिक्का मारला आणि मास्तरांनी त्याच रात्री पुठ्ठा उतरवला.

राहिला कोट. मास्तरांनी अकरा वर्षांत कोट शिवला नव्हता; लोक शिवून घेतच नसत. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं कापड टेबलावर पसरून हात फिरवला. खडूच्या रेघा दोनदा पुसल्या. डाव्या खांद्याची बाही तीनदा उसवली. ताईंनी काजं घातली तेव्हा दोघं चक्क बोलले, कोट शिकवणाऱ्या वडिलांबद्दल, ते बाही कशी उलट्या हातावर तोलून बघत त्याबद्दल. मधल्या काळात फोनवरच्या खेळातल्या बक्षिसांची मुदत संपून गेली. मास्तरांना ते आठ दिवसांनी कळलं. त्यांनी फोन उलटा ठेवला आणि कॉलर दाबायला इस्त्री तापवली.

पाच आठवड्यांनी केमिस्ट आरशापुढे उभा राहिला. त्याने बाजूने वळून पाठ पाहिली. मग म्हणाला, “मी पाठीत वाकतो असं मला वाटायचं.”

“वाकताच की,” मास्तर म्हणाले. “ते कोटात धरलंय.”

हल्ली मास्तर दुपारी औषधाच्या दुकानावरून जरा हळू चालतात. ताईंना सांगतात की पाय मोकळे करून येतो. खरं म्हणजे केमिस्ट वरच्या फळीकडे हात उचलेल तेव्हा कोटाचा खांदा कसा बसतो, तेवढं त्यांना बघायचं असतं.