जॅक रीडसाठी प्रार्थना

ग्लेनवेरच्या कोळसा खाणीच्या तोंडाशी एक लांब फळी होती. खाली उतरताना प्रत्येकाने आपल्या नावाचा पितळी बिल्ला त्या फळीवर अडकवायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. फळीपाशी हॉपकिन ट्रेहार्न बसलेला असे. त्याचा डावा पाय खाणीनेच खाल्ला होता, म्हणून कंपनीने त्याला हे बसायचं काम दिलं होतं, आणि गावाने 'बिल्लेवाला' हे नाव. म्हातारा तसा हसतमुख. पण कुणी आपला बिल्ला घरी विसरला म्हणून भावाचा अडकवून उतरायला निघाला, की लाकडी पाय आपटत उठायचा. "छत बसलं तर खाली कुणाच्या नावाने हाका मारू रे? तुझ्या की त्याच्या? आणि रडायला कुठल्या बाईला सांगू?" असा एक घोळ गावाने पूर्वी पाहिलेला होता. चुकीच्या बाईने तीन दिवस काळे कपडे घातले होते.

या हॉपकिनचा एकुलता एक मुलगा एमलिन कॉलेजात शिकत होता आणि तिथल्या फुटबॉल संघाचा कप्तान होता. तो लांबट चेंडू पोटाशी धरून एमलिन धावत सुटला, की त्याला पाडायला तिघेजण लागत. हंगामाचा शेवटचा सामना आठ दिवसांवर आला होता. शुक्रवारी संध्याकाळी कोच ब्रॅडिशने त्याच्यापुढे एक कागद सरकवला.

"सही ठोक आणि जेवायला जा."

एमलिनने वाचलं. 'मी स्वतःच्या किंवा इतर कोणत्याही नावाने, पैसे घेऊन, कोणताही खेळ कधीही खेळलेलो नाही.' त्याचा हात जागीच थबकला.

गेले दोन उन्हाळे तो शंभर मैलांवरच्या एका गावात पगारी बेसबॉल खेळला होता. जॅक रीड या नावाने. कॉलेजच्या पोरांची ती रीतच पडून गेली होती. पैसे घेतले की कॉलेजचा खेळ बंद, म्हणून उन्हाळ्यापुरतं एक उसनं नाव घ्यायचं. सगळ्यांना माहीत, आणि कुणालाच माहीत नाही. घरी त्याने सांगितलं होतं, की बर्फाच्या कारखान्यात काम करतो.

"अरे, विचार कसला करतोस?" ब्रॅडिश म्हणाला. "उन्हाळ्यातलं नाव उन्हाळ्यात राहतं. थंडीत कुणी गवती टोपी घालून हिंडतं का?"

"नाही केली तर?"

"तर शनिवारी बाकावरसुद्धा बसायचं नाही. तुझं अख्खं गाव आगगाडीने येतंय म्हणे. त्यांना काय दाखवणार, तुझं रिकामं जॅकेट?"

"सोमवारी देतो," म्हणून एमलिनने कागद खिशात घातला.

रविवारी तो गावच्या प्रार्थनामंदिरात वडिलांशेजारी बसला. पाद्रीबाबा प्यू बोलायला उभे राहिले. त्यांचं प्रवचन ज्याने ऐकलंय त्यालाच ते कळेल. सुरुवात अगदी साधी, ओट्यावर बसून हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी. मग कधीतरी वाक्य थोडं लांबतं, शब्दाचं शेपूट वर उचललं जातं, आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात येतं, की बाबा बोलत नाहीयेत, गातायत. एकदा तो सूर लागला की बोलता माणूस मागे सरतो आणि त्याच्या तोंडून दुसरंच कुणी बोलू लागतं.

त्या दिवशी बायबलमधली याकोबाची कथा होती. आंधळा बाप विचारतो, बाळा, तू कोण? केसाळ थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटायला हाताला शेळीचं कातडं बांधलेला धाकटा याकोब सांगतो, मी एसाव, तुमचा थोरला. "मिळाला आशीर्वाद!" बाबा गाऊ लागले. "पण कुणाच्या नावावर मिळाला, गड्यांनो? कुणाच्या डोक्यावर पडला तो हात?" मग वीस वर्षांनी नदीकाठी तो देवाच्या माणसाशी झोंबतो, मांडी निखळते तरी सोडत नाही. मला आशीर्वाद दे म्हणतो. आणि तो देवाचा माणूस विचारतो, तुझं नाव काय?

"तुझं नाव काय?" बाबांनी ते तीन वेळा गाईलं, दर वेळी एक पायरी वर. म्हाताऱ्या बाया डोलू लागल्या. मागच्या बाकांवरच्या खाणकामगारांनी खर्जात सूर धरला. आणि मग बाबा एकदम थांबले. श्वास रोखलेल्या त्या सभेला अगदी हळू, सुराशिवाय, म्हणाले, "याकोब."

एमलिनच्या खिशातला कागद तव्यासारखा तापला होता.

घरी जाताना चढावर तो म्हणाला, "बाबा, तो बर्फाचा कारखाना नव्हता."

"ते ठाऊक आहे मला. बर्फ उचलून बोटं अशी वाकडी होत नाहीत."

"बेसबॉल खेळलो. पगार घेऊन."

"खेळलास तर खेळलास. चोरी थोडीच केलीस?"

"दुसऱ्या नावाने खेळलो. जॅक रीड."

लाकडी पायाचा आवाज थांबला.

"जॅक रीड?" हॉपकिन म्हणाला. "जुलैत ज्याच्या डोक्यात चेंडू बसला तो? दोन दिवस शुद्धीवर नव्हता तो?"

एमलिनचा हात आपसूक कानावरच्या व्रणाकडे गेला.

"पेपरात आलं होतं. 'रीड वाचण्याची आशा कमी.' मी फळीपाशी बसून वाचलं. म्हटलं, असेल कुणाचं तरी लेकरू. बुधवारी प्रार्थनेला उभा राहिलो आणि त्याच्यासाठी मागितलं देवाकडे. परका पोरगा, म्हणून दोन वाक्यांत उरकलं. मग घरी येऊन कांद्याचा रस्सा ओरपला आणि घोरत पडलो. तू तिकडे मरत होतास, आणि मी घोरत होतो."

"देवाला तर कळलंच असेल ना, कुणासाठी ते."

"देवाला कळलं असेल. मला नाही कळलं. आणि बाप मी आहे."

एमलिनने कागद काढून दाखवला, ब्रॅडिश काय म्हणाला ते सांगितलं.

"मग?" हॉपकिनने विचारलं.

"नाही करणार सही."

"गाव शिव्या देईल. तिकिटं काढून बसलेत लोक."

"देऊ देत. माझ्या नावाने देतील ना?"

हॉपकिनने मान हलवली आणि पुन्हा चढ चढू लागला.

सोमवारी एमलिनने कागदाच्या पाठीमागे दोन ओळी लिहिल्या. कुठे खेळलो, कोणत्या नावाने खेळलो. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. खाली पूर्ण सही केली. ब्रॅडिशने कागद वाचला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मूर्ख आहेस." शनिवारी संघ हरला. खाणीवरचे लोक महिनाभर "काय रीडसाहेब!" म्हणून टोपी काढत. एमलिनही टोपी काढून म्हणे, "ते वारले. मी ट्रेहार्न."

मे महिन्यात तो त्याच बेसबॉल संघाच्या मॅनेजरकडे गेला. डोलन त्याचं नाव. त्याने सिगार चावत ऐकून घेतलं.

"जॅक रीडला इथलं लहान मूल ओळखतं. ट्रेहार्नला कुत्रं विचारत नाही."

"मग ट्रेहार्नला ओळखायला लागतील."

"पगार कमी देईन."

"चालेल. नाव पूर्ण छापा."

पहिल्या सामन्याला हॉपकिन रविवारचा कोट घालून आला. एमलिनची पाळी आली. भोंगेवाल्याने जुन्या सवयीने पुकारलं, "पुढचा खेळाडू, जॅक रीड!" टाळ्या पडल्या. एमलिन बॅट खांद्यावर टाकून जागचा हलला नाही.

"ये की रे!" अंपायर ओरडला.

"रीडला बोलावलंय. तो आला की येईल."

लोक हसले. अंपायर लाल झाला. "मिनिटात आला नाहीस तर बाद देईन!"

"खुशाल द्या. फक्त ट्रेहार्नला द्या."

भोंगेवाला गांगरून कागद चाळू लागला. तेवढ्यात बाकांवरून हॉपकिनचा खर्जातला आवाज उठला, हळू सुरू झालेला, मग लांबत, वर चढत गेलेला, थेट प्रार्थनामंदिरातून उचलून आणलेला. "ए... म... लिन ट्रे... हार्न!" चेष्टेने का होईना, चार-पाचशे लोकांनी तो सूर उचलला.

एमलिन पुढे गेला. तीन चेंडू आले, तिन्ही हुकले. बेसबॉलात तीन हुकले की त्या पाळीपुरतं बाद. तो मान खाली घालून परतला तेव्हा म्हातारा कुंपणाशी आला होता.

"बाद झालास."

"झालो."

"असू दे. कोण झाला ते तरी नीट कळलं."

एमलिनला हसू फुटलं. त्याने तळहाताला माती चोळली आणि बॅट पुन्हा जवळ ओढली. "अजून तीनदा तरी यायचंय मला, बाबा. जाऊ नका."

"जातोय कुठे? माझी गाडी सहाला आहे."