लाल फुलीच्या पाच चिमण्या

मी पटाशी बोलतेय. सुताराकडे असते ती सपाट तोंडाची नव्हे हं, ती माझी चुलत बहीण. मी गोल तोंडाची, कोरीवकामाची. हे आधीच सांगितलेलं बरं. लोक आम्हा सगळ्यांना एका माळेचे मणी समजतात आणि माझं डोकं फिरतं.

माझा जन्म एका झिजलेल्या कानशीतून झाला. लोहाराने ती लालबुंद तापवली, ठोकली, वळवली. शेजारी बावीस वर्षांचा एक तरुण माझं चित्र काढलेला कागद घेऊन उभा होता. "काका, अजून जरा वळवा ना," हे त्याचं पालुपद.

"आता वळवली तर मोडेल. मग बस तूच इथे ठोकत," लोहार खेकसला.

तो तरुण म्हणजे माझा माणूस. माझी मूठ त्याने स्वतः घडवली, आपल्या तळव्याच्या मापाने. दुसऱ्या कोणी मला धरलं तर मी आजही नीट बसत नाही.

एका फर्निचरवाल्याकडे तो खुर्च्यांच्या पाठींवर वेलबुट्टी कोरायचा. ते पोटासाठी. घरी आला की उरल्यासुरल्या तुकड्यांच्या चिमण्या करायचा. एखादी मान वाकडी करून खाली काय सांडलंय ते बघणारी, एखादी उगाचच रुसून फुगून बसलेली. त्याच्या हातात मला कधी जोर म्हणून लावावा लागला नाही.

मग त्याच्या आईला दम्याने गाठलं. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं. लाकडाचा भुसा उडाला की माउलीचा श्वास कोंडायचा. डॉक्टरांनी बजावलं, घरात धूळ नको. कपड्यांतूनही भुसा यायचा, म्हणून त्याने फर्निचरवाल्याचं काम सोडलं, लोखंडी भागांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि मला ड्रॉवरमध्ये टाकलं.

"माझ्यामुळे सोडू नकोस रे," आई म्हणाली.

"तुझ्यामुळे कुठे? मलाच कंटाळा आलाय," तो म्हणाला.

साफ खोटं! पण मी बोलणार कशी? मला तोंड आहे ते नुसतं कोरायला.

पंचवीस वर्षं, महाराजा, पंचवीस! शेजारी संपलेल्या बॅटऱ्या, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि एक अर्धी मेणबत्ती. तिच्याशी काय बोलणार, कपाळ? मला बाहेर काढायचे ते रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला. एकदा तर बुटाचा चिखल खरवडला. तेव्हाच माझी धार तुटली. दुखलं त्यापेक्षा लाज जास्त वाटली. पण खरं सांगू? त्याची पावलं कधीकधी ड्रॉवरपाशी येऊन थांबायची आणि परत फिरायची, ते सगळ्यांत वाईट होतं.

कारखान्यात तो तपासनीस झाला. व्हर्निअर नावाचं बारीक मापाचं साधन घेऊन दिवसभर भाग मोजायचे. माप केसभर चुकलं की त्या भागावर लाल खडूची फुली. लोक पाठीमागे त्याला 'केसभर' म्हणायचे. लग्न राहून गेलं. का, ते मला विचारू नका. ड्रॉवरमधून सगळं ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी आई गेली. त्याने तिच्या खोलीचं दार बंद करून टाकलं.

त्यातच कारखान्याने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल त्याचा सत्कार ठरवला आणि एक फॉर्म दिला. 'प्रमुख कामगिरी', खाली दहा ओळी. एका संध्याकाळी तो फॉर्म घेऊन बसला. पहिल्या ओळीत लिहिलं, 'मी पास केलेला एकही भाग परत आला नाही.' मग पेन टेकवून बसून राहिला. तिकडे दूध उतू गेलं तरी उठला नाही.

"एकोणपन्नास वर्षं जगलो," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि एक ओळ?"

पेनही बंद पडलं. दुसरं शोधायला त्याने ड्रॉवर उघडला आणि हाताला मी लागले. त्याने माझ्या तुटक्या धारेवरून अंगठा फिरवला. "अरेरे," म्हणाला. पंचवीस वर्षांत माझ्यासाठी उच्चारलेला तो पहिला शब्द.

तीन संध्याकाळी तो मला दगडावर घासत होता. मग स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबून तो कोरायला बसला. पहिली ढलपी निघाली तेव्हा मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

पण आमच्या केसभरसाहेबांनी काय करावं? डावा पंख कोरला, व्हर्निअर लावलं. उजवा कोरला, व्हर्निअर लावलं. जरा तासला, पुन्हा मोजला. चिमणी झाली. पंख अगदी सारखे, मान सरळ, आणि जीव म्हणाल तर नावालाही नाही. ते त्यालाही दिसलं. खिशातून लाल खडू काढून त्याने तिच्या पाठीवर फुली मारली. अशा पाच झाल्या. मापात चूक नाही, मग चुकतंय कुठे, हे त्याला कळेना. मी ओरडत होते, "अरे, ते व्हर्निअर ठेव बाजूला!" पण आमचं ऐकतंय कोण?

पाचवीनंतर त्याने मला तेल लावून फडक्यात गुंडाळलं. "हात गेला आपला," म्हणाला. मी घाबरले. आता ड्रॉवरमध्ये गेले तर कायमचीच, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईचे कपडे आवरायला त्याची ताई परगावाहून आली. टेबलावरची चिमण्यांची रांग बघून थांबली.

"हे काय रे? सगळ्यांना फुल्या?"

"नापास आहेत."

"कोणी केलं नापास?"

"मीच."

"शहाणाच आहेस!" म्हणत ताईने आईच्या खोलीचं दार उघडलं, खिडकी उघडली. "बाई गं, काय छान उजेड आहे इथे! त्या अंधारात कशाला बसतोस? इथे बस की."

"छे, तिथे नको. धूळ होईल."

ताई थबकली. मग हळूच म्हणाली, "अरे, आता कोणाला त्रास होईल?"

दाराची चौकट धरून तो खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. आई गेली त्या दिवशीही असा रडला नव्हता. ताई शेजारी जमिनीवर बसली.

"आईला कळत होतं रे, कंटाळा वगैरे काही नव्हता ते," ती म्हणाली. "मला फोनवर म्हणायची, पोराचे रिकामे हात बघवत नाहीत."

संध्याकाळच्या गाडीने ताई गेली.

पुढच्या रविवारी त्याने टेबल आईच्या खोलीत ओढलं आणि मला फडक्यातून सोडवलं. व्हर्निअर जवळ होतं, पण डोळे सारखे भरून येत होते, त्यावरच्या रेघा दिसेनात. शेवटी नुसत्या हातानेच कोरत गेला. एक पंख जाडा झाला. मान एका अंगाला कलली, कोणीतरी हाक मारल्यासारखी. त्याने ती चिमणी कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. भुसा आईच्या पलंगावर पडला होता, तो त्याने झटकला नाही.

फॉर्म त्याने नऊ ओळी कोऱ्या ठेवूनच दिला.

आता दर रविवारी आम्ही तिथे बसतो. दर वेळी धार लावताना मी थोडी आखूड होते. होऊ दे. माझं एवढंच मागणं आहे, त्याचा हात चालतोय तोवर मला त्या हातात राहू द्या.

चिमणी झाली की तो ती पलंगाकडे धरतो. "बघ गं, जमली का?" म्हणतो. तो जरा वेळ वाट बघतो आणि मग दुसरा तुकडा उचलतो.