पकडणाऱ्याचं नाव

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात पोचलो तेव्हा माझ्या खुर्चीत माझ्याएवढी लुटारू माशी बसली होती आणि मस्टरवर तिची सही झाली होती.

"बरोबर दहाला आली," घोगरेमामा म्हणाले. ते आमच्या कीटक विभागाचे शिपाई. "तुम्ही पावणेअकराला. मॅडमनी बघितलंय."

चूक माझीच होती. आमच्या संग्रहालयात प्रत्येक माशीच्या टाचणीत एक चिठ्ठी ओवतात: माशीचं नाव, गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. बुधवारी जेवण झाल्यावर मी पेंगत पेंगत शंभर चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकीत नावांची अदलाबदल झाली. हिर्लेकर. खडकवाडी, ओढ्याकाठी. अकरा ऑक्टोबर. पकडणार: प्रोमॅकस. प्रोमॅकस ही लुटारू माश्यांची प्रजाती. हिर्लेकर मी.

विभागप्रमुख टिपरे मॅडमनी आधी चिठ्ठी भिंगाखाली धरली, मग मला.

"मॅडम, एक रेघ मारली की झालं."

"हिर्लेकर, बावीस वर्षं आहात इथे. चिठ्ठीत खाडाखोड करत नाहीत. जुनी काढतही नाहीत. फार तर फेरओळख करून खाली दुसरी लावतात."

"मग करा फेरओळख."

"करतेच. प्रोमॅकसशी नाही जुळलात तर खुर्ची तुमची."

"आणि जुळलो तर?"

मामांनी प्रोमॅकसचा खण ओढला. काल तो हातभर होता. आज ओढता ओढता ते दारापर्यंत गेले. माश्यांच्या रांगांमध्ये साडेपाच फूट जागा मोकळी होती, कोपऱ्यात ताज्या डांबरगोळ्या.

"एवढी टाचणी स्टोअरला नव्हती," मामा म्हणाले. "गेटजवळच्या वेल्डरकडून सळई आणलीय. टोक काढून दिलं बिचाऱ्याने."

ओळखीचा तक्ता तसा सोपा असतो. एका नंबरावर दोन पर्याय. जुळेल तो धरायचा, तो सांगेल त्या नंबरावर जायचं. तिसरं काही नाही.

"एक," मॅडम वाचू लागल्या. "दोन डोळ्यांमधला माथा खोलगट, किंवा सपाट."

मी हात लावून पाहिला. सकाळी भांग पाडला तेव्हा सपाट होता. आता त्यात वाटीभर तेल मावलं असतं.

"खोलगट," मामा म्हणाले.

"मामा, तुम्हाला कोणी विचारलंय?"

"साहेब, दारातनं दिसतंय."

"चार. चेहऱ्यावर राठ केसांची मिशी, किंवा नाही."

"मिशी मी सकाळीच काढलीय," मी म्हणालो, पण शब्द केसांतून गाळल्यासारखे बाहेर आले.

खुर्चीतल्या माशीने माझ्या पेनाचं टोपण काढलं आणि रजिस्टरात नोंद केली: मिशी आहे. अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य होतं. मॅडमनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. माझ्या अक्षराकडे पाहून त्यांनी कधी मान डोलावली नव्हती.

"नऊ. पंखाच्या टोकाकडे, पुढच्या काठाखाली शिरांमध्ये तीन कप्पे, किंवा दोन. शर्ट काढा."

"मॅडम, मला पंखच नाहीत."

"तसा पर्याय नाही."

मी शर्ट काढला. पाठीमागे कोणीतरी ट्रेसिंग पेपर उलगडावा तसा आवाज झाला. मामांनी मोजले. तीन. पुन्हा मोजा म्हटलं. त्यांनी बोट टेकवत मोजले, मला गुदगुल्या झाल्या, तीनच.

"आता शेवटचा," मॅडम म्हणाल्या. "भक्ष्य हवेतच झडप घालून धरते, किंवा धरत नाही. धरत नसेल तर इथून पुढे नंबर नाही. तुम्ही मोकळे."

माझ्या जिवात जीव आला. समोर आलेलं काम न करणं मला बावीस वर्षं जमत आलंय. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"सोडा," मी म्हणालो.

मामांनी बाटलीचं बूच काढलं. आतून साधी घरमाशी निघाली. "कँटीनची आहे," ते म्हणाले. "भज्यांवर होती. वजनदार आहे."

पहिल्या फेरीला ती पंख्याखालून गेली. मी फरशीकडे बघत होतो, तरी ती मला पूर्ण दिसली, पायांसकट. दुसऱ्या फेरीला कानाजवळून गेली. मिशी आपोआप ताठ झाली. मी कपाटांची नावं मनात म्हणू लागलो, भुंगे, ढेकूण, चतुर, आणि प्रत्येक नावासरशी तोंडाला पाणी सुटलं. मॅडम घड्याळ बघत होत्या. खुर्चीतली माशी पेन कागदाला टेकवून थांबली होती. मामा सळई फडक्याने पुसत होते.

"दम धरा, साहेब," ते म्हणाले. "थकेल आता ती."

घरमाशी खिडकीच्या काचेवर आपटली, वळली आणि सरळ माझ्याकडे निघाली. मी टेबलाची कड सोडली नाही. टेबल फरशीपासून चार बोटं वर होतं.