किल्लीच्या भोकावरचा ब

मित्रांनो, मला सगळे जुना फळा म्हणतात, पण मी जन्माने दार आहे. चर्चच्या बाजूच्या भिंतीत मी उभा असे. माझ्यातून नवऱ्यामुली आत गेल्या, शवपेट्या बाहेर आल्या, आणि मिस्सेच्या प्रार्थनेला उशीर झालेले लोक तर दर रविवारी मला हळूच ढकलून, मान खाली घालून आत शिरत. पुढे तिथे लोखंडी दार आलं. सुताराने मला बिजागऱ्यांसकट उपटलं आणि विटांच्या ढिगावर टाकून दिलं. मला अक्षरं आली ती त्यानंतर, उतारवयात.

धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टरकडे तेव्हा फळा नव्हता. त्यांनी सुताराला विचारलं, "याला रंधा मारून काळा रंग दिला तर?"

"दार आहे ते, सिस्टर. त्याला अभ्यासातलं काय कळणार?"

"माझ्या वर्गात तरी कुणाला काय कळतंय? शिकेल हळूहळू."

सुताराने कुलूप काढलं, किल्लीच्या भोकात लुकण भरलं आणि ते वाळायच्या आतच वरून रंग फासला. तेवढी बोटभर जागा कायमची गुळगुळीत राहिली. तिथे खडू उमटत नाही, नुसता घसरतो. सिस्टरच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्या जागेपाशी आला की त्यांचा शब्द टुणकन उडी मारून पलीकडे जाऊन बसे. वर्गात कुणाला पत्ताही लागला नाही.

सकाळी मुलांचा वर्ग असे आणि मिस्सेनंतर मोठ्या माणसांचा. ही मोठी माणसं कधी शाळेत गेलेली नव्हती. प्रार्थना मात्र त्यांना लहानपणापासून पाठ होत्या. सिस्टर त्याच प्रार्थना माझ्यावर लिहीत आणि म्हणत, "तोंडाची ओळख आहेच, आता डोळ्यांची करून घ्या." ज्या दिवशी एखाद्याला आपल्या तोंडातला शब्द माझ्यावर सापडे, त्या दिवशी तो माणूस घरी जाताना वेगळाच चाले. मी पाहिलंय. दार म्हणून इतकी वर्षं माणसं पाहिली, पण असं चालणं फळा झाल्यावरच दिसलं.

या वर्गात सगळ्यांत उशिरा आली ती इस्त्रीआजी. वेदीवरची कापडं धुऊन, खळ घालून इस्त्री करणं हे तिचं आयुष्यभराचं काम. ती म्हणायची, "सिस्टर, माझं डोकं कोळशाच्या इस्त्रीसारखं आहे. तापायला वेळ लागतो."

"तापल्यावर तरी चालेल ना?"

"तापल्यावर तुम्हीच जपून राहा."

ती जोडाक्षरांपर्यंत पोचली आणि सिस्टरची बदली झाली.

मग नवे फादर आले आणि नवे उपक्रम सुरू झाले. खोटं कशाला बोलू, त्यातले पुष्कळ चांगले आहेत. लग्न ठरलेल्या जोडप्यांचा वर्ग आहे, मुलांना गोष्टी नाटकातून शिकवतात, शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबलच्या अभ्यासाला, संध्याकाळी हॉल भरतो. या सगळ्याची प्रमुख एक हुशार बाई. तिने हॉलमध्ये प्रोजेक्टरचा भला मोठा पडदा लावला, म्हणून लोक तिला पडदाताई म्हणतात. तिच्या मेहनतीला मी नावं ठेवत नाही. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. मोठ्यांचा अक्षरवर्ग तिने एका वाक्यात बंद केला. "ते धर्मशिक्षण नाही, ती साक्षरता. ते काम आपलं नव्हे." आणि मला व्हरांड्यात, हॉलच्या दाराशेजारच्या खिडकीला टेकवून माझ्या तोंडावर छोट्या खिळ्यांनी जाहिरात ठोकली: 'श्रद्धाशिक्षणाचे नवे वर्ग, सर्वांसाठी.'

ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती कळणार कशी, हे कुणालाही सुचलं नाही. माझ्याच अक्षरांवर कागद ठोकून 'सर्वांसाठी' लिहिलं, मित्रांनो. माझा जळफळाट झाला. पण लाकडाने करावं काय?

अशात इस्त्रीआजीच्या नातीला मुलगी झाली. नात म्हणाली, बाप्तिस्म्याला हिला हातात धरणारी, हिची धर्ममाता आजीच होणार, दुसरी कुणी नको. आजी त्या दिवसापासून हवेत होती. पण बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्गही आता नवा झाला होता. धर्ममाता होणाऱ्याने सगळ्यांसमोर प्रार्थना वाचून दाखवायची, असा नियम होता. आजी पडद्यासमोर उभी राहिली. बारीक अक्षरं आली आणि तिने डोळे बारीक करेपर्यंत पुढे पळाली.

"ताई, जरा थांबव की गं त्याला."

"ते आपोआप पुढे जातं, आजी. तुम्ही असं करा, मागे बसून ऐका. धर्ममाता दुसऱ्या कुणाला होऊ दे."

"मला येतं वाचायला. फळ्याएवढं असलं की येतं."

"आजी, तुम्हाला पाठ आहे. पाठ असणं म्हणजे वाचणं नव्हे."

पदराने नाक पुसून आजी व्हरांड्यात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मग तिने नखाने एक खिळा उचकटला. मग दुसरा. पडदाताई धावत आली. "अहो, ती नोटीस आहे."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"मग मी पण त्यातलीच. माझ्यापुरती मी काढून घेते." आणि नातीला म्हणाली, "पोरी, खडू शोध. इथे लिही, मोठं लिही."

नातीच्या एका खांद्यावर तान्हं बाळ. दुसऱ्या हाताने तिने भराभरा प्रार्थना लिहिली. आवाज ऐकून फादर आणि सगळा वर्ग बाहेर आला. आजीने बोट ठेवलं आणि एकेक अक्षर उचलत वाचायला लागली. "आमच्या... स्वर्गातील..." आणि पुढे ती स्वच्छ म्हणाली, "पापा."

व्हरांडा हसण्याने दुमदुमला. कुणीतरी मागून म्हणालं, "देवाकडे पापा मागतेय आजी." बाळसुद्धा दचकून रडायला लागलं. आजीचा चेहरा उतरला. तिने परत बोट ठेवलं, परत पाहिलं आणि हट्टाने परत तेच म्हणाली. "पापा. इथे पापाच आहे."

"बघा फादर," पडदाताई म्हणाली, "मी सांगत होते."

फादर वाकले. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्यावर बोट फिरवलं. नातीने लिहिलेला ब नेमका किल्लीच्या भोकावर आला होता. घाईत त्याचं पोट वरच्या रेघेला टेकलं होतं, आणि त्या पोटाची वरची कड व आतली तिरकी रेघ लुकणावरून घसरली होती. उरला होता प.

"आजी बरोबर वाचतेय," फादर म्हणाले. "इथे पापाच लिहिलंय. ताई, जिला पाठ आहे ती इथे डोळे मिटून बापा म्हणाली असती. आजी चुकली, कारण आजी वाचत होती."

पडदाताईने स्वतः त्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "होऊ दे आजीच धर्ममाता."

"होऊ दे काय," आजी म्हणाली, "झालेच मी." आणि तिने बाळाला नातीच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतलं.

बाप्तिस्मा झाला. बाळाच्या पांढऱ्या झबल्याला आजीनेच इस्त्री केली होती. सगळ्यांनी आजीचं कौतुक केलं, कुणी जाता जाता माझ्या पाठीवर थापही मारली. तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे गोड झाली. नाही झाली. पुढच्या आठवड्यात माझ्यावर पुन्हा जाहिरात ठोकली, या वेळी मोठ्या खिळ्यांनी. अक्षरवर्गाचं विचारलं तर फादर म्हणतात, "बघू." आजीसारखे आणखी कितीतरी लोक ती जाहिरात ओलांडून मुकाट्याने घरी जातात.

पण त्यातला एक खिळा नेमका किल्लीच्या भोकात घुसला. जुनं लुकण भुगा होऊन त्या खिळ्यासकट खाली पडलं, कागदाला तेवढं भोक राहिलं. आता तिथून आरपार दिसतं. मित्रांनो, नवे वर्ग जरूर काढा, पडदेही लावा. फक्त सुरुवात करण्याआधी कुणीतरी या भोकाला डोळा लावा आणि बाहेर कोण उभं आहे ते बघा. आणि मला पुसून स्वच्छ करणार असाल तर आधी ते खिळे काढा. मी फळा आहे, आणि त्याआधी दार आहे. दोन्ही कामं मला अजून येतात.