लुबोवाने दिलेला निकाल

कात्वे वस्तीतल्या माझ्या व्हिडिओ हॉलमध्ये लोक सिनेमा बघायला कमी आणि लुबोवाला ऐकायला जास्त येतात. पडद्यावर गोरे इंग्रजीत बोलतात आणि लुबोवा माइकवरून तेच आमच्या लुगांडा भाषेत सांगतो, वर पदरचं तिखटमीठ लावून. त्या दुपारी कोर्टाचा एक जुना, नावाजलेला सिनेमा होता. लुबोवाही तो पहिल्यांदाच बघत होता.

"नालोंगो, मारामारी कधी?" मागून कुणीतरी ओरडलं. मी जुळ्यांची आई, म्हणून सगळे मला नालोंगोच म्हणतात.

"गप बस. वकील तोंडानेच मारतात," मी म्हटलं.

मारामारी झाली ती बाकांवर. काकांदे खाटकाचा फोन गेला आणि त्याने शेजारच्या किबुकाची मानगूट धरली. किबुका मोटारसायकलवर भाडी मारतो. त्याचे खिसे उलटे केले, फोन निघाला नाही.

"पुढे सरकवला असेल," कुणीतरी म्हणालं. तेवढं पुरलं. बाकाचा पाय मोडून त्याच्या डोक्यात घातला, नाक फुटलं, कान लोंबायला लागला. मी मध्ये पडले तर मलाच कोपर बसलं. एक जण टायर आणायला गेला. आमच्याकडे टायर आला की माणूस जळतोच, पोलीस मागाहून राख बघायला येतात.

तेवढ्यात लुबोवा माइकवर म्हणाला, "टायर येईस्तोवर सिनेमा तरी बघा की. त्यालाही पुढे बसवा. पडद्यावरचाही आरोपी, हाही आरोपी. जज म्हणेल ते आपण करू."

लोक हसले. किबुकाला बांधून पडद्याखाली बसवलं. असल्या सिनेमात शेवटी आरोपी सुटतो, या भरवशावर लुबोवाने त्याचा जीव पणाला लावला होता.

जजने डोक्यावर काळं फडकं ठेवलं आणि निकाल सांगितला. मला थोडं इंग्रजी कळतं. फाशी.

लुबोवाने माइक तोंडाजवळ ओढला. मग तो गरजला, "पुरावा नाही. सोडा याला."

पडद्यावर आरोपीची आई ऊर बडवत होती. "आनंदाने रडतेय बिचारी," लुबोवा म्हणाला. फास दिसायच्या आत मी जनरेटर बंद केला.

दोघे जण खरंच किबुकाचा दोर सोडायला लागले. तेव्हा काकांदे उठला.

"शाळेत मीही गेलोय, लुबोवा. जज फाशी म्हणाला." मग लोकांकडे वळून म्हणाला, "हा चोराचा साथीदार आहे."

सगळा हॉल लुबोवावर तुटून पडला. त्याचाच माइक त्याच्या तोंडात हाणला, दात पडेपर्यंत आणि नंतरही. या गर्दीत किबुका मनगटाला दोर लोंबत असताना मला ढकलून पळाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. टायर आला, पेट्रोल मागायला लागले. जनरेटरच्या पेट्रोलचा कॅन मी आधीच गटारात ओतला होता. मग चिडून लाथांवरच भागवलं आणि दमल्यावर घरी गेले. मला त्या सगळ्यांची अजून किळस येते.

लुबोवाचा जबडा वाकडा जुळला. आता माइकवर दुसराच कुणी असतो आणि लुबोवाचं बोलणं मला एकटीलाच कळतं. किबुकाने फोन घेतला होता की नाही, हे कधी कळलंच नाही. एकदा मी लुबोवाला विचारलं, "तुला तरी ठाऊक होतं का रे, तो निर्दोष आहे म्हणून?"

"नाही," तो म्हणाला.