जाऊ नावाची चौकट

तुळशीची लग्नं लागून गेली होती आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम उजाडला होता. अजिंक्यताऱ्याच्या कड्यावरून हेमंताचं सुवर्णगौर ऊन घरंगळत खाली येई, साताऱ्याच्या कौलांवर रेंगाळे, पत्र्यांवर लखलखे, आणि गच्चीवरच्या एका खोलीत, दोन संगणकांच्या मध्ये, मांजरासारखं अंग टाकून पडे.

त्या खोलीत दोघी काम करत. थोरली दमयंती, धाकटी शर्वाणी. नात्याने जावा, आणि कोड लिहायच्या तोही जावा नावाच्याच भाषेत. यावर घरात इतके विनोद होऊन गेले होते की आता कुणी हसतही नसे.

वर्षानुवर्षं ही खोली एकट्या दमयंतीची होती. कोऱ्या पानावर कोडच्या ओळींमागून ओळी लिहून तिने चौकट आखावी, चौकटीला नाव द्यावं, जागा द्यावी, रुंदी द्यावी. आणि पीडीएफ उघडणाऱ्याने बोट टेकताच त्या शुभ्र चौकटीत खूण उमलावी. दवाखान्यांच्या चौकटी, शाळांच्या चौकटी, सरळरेष, निष्कलंक चौकटी. खूण मात्र नेहमी तीच, काळी, बारकी, बरोबरची.

मग लग्न होऊन शर्वाणी आली, आणि खोलीत दुसरी खुर्ची आली.

जगदाळेबाईंच्या मंगल कार्यालयाला मानपानाचा तक्ता हवा होता. मानाची साडी कुणाकुणाला, ते लग्नघरच्यांनी फोनवरच टिचकी मारून कळवायचं. शर्वाणीने काळी खूण काढूनच टाकली. कोडमध्ये वळणावर वळण रेखून तिने एक इवली, कुंकुमरंजित अक्षत घडवली. बोट टेकावं, आणि चौकटीत अक्षत पडावी.

"अगं बया, अक्षता!" नमुना पाहून जगदाळेबाईंनी फोनच केला. "दमयंती, परवा मी येते, तेव्हा धाकटीलाच दाखवू दे हं. नीट चाललं तर कार्यालयाचं पुढचं सगळं काम तिच्याकडंच."

दमयंती "बरं" म्हणाली, हसलीही. आणि आतून तिचा तिळपापड झाला.

हेवा वाटला तिला. त्या रक्तवर्ण कणाचा हेवा, तो सुचणाऱ्या डोक्याचा हेवा, काम करताना गुणगुणणाऱ्या ओठांचा हेवा. सासूबाई चहाचा पहिला कप आताशा शर्वाणीपुढे ठेवत, त्या कपाचासुद्धा हेवा. आपल्याला हे शोभत नाही, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

जगदाळेबाई यायच्या त्या दुपारी शर्वाणी खाली साडी बदलत होती. दमयंतीने फोनवर तक्ता उघडला. आत्यावर टिचकी मारली, अक्षत पडली. मामीवर मारली, अक्षत पडली. थोरल्या जावेवर मारली, आणि एकाच क्षणी, न विचारता, न बोलावता, धाकट्या जावेच्या चौकटीतही अक्षत पडली.

तिने तत्काळ ओळखलं. शर्वाणीने कोडमध्ये चौकटींना नात्यांची नावं दिली होती. आत्या, मामी, मावशी; आणि दोन्ही जावांना नुसतं जाऊ. पीडीएफच्या लेखी एका नावाच्या दोन चौकटी म्हणजे एकच चौकट. एक भरली की दुसरी भरते. एक शब्द बदलला की काम झालं असतं.

पडू दे तोंडावर, दमयंती मनाशी म्हणाली. तिने तक्ता मिटला आणि मूग गिळून बसली.

जगदाळेबाई आल्या. हिरवाकंच शालू, ठसठशीत नथ. हौसेने टिचक्या मारत त्या जावांपर्यंत आल्या, आणि दोन्ही चौकटी एकदम लाल झाल्या. शर्वाणीचा चेहरा उतरला. दमयंतीच्या मनात काहीतरी गोड, काहीतरी गढूळ दाटून आलं.

जगदाळेबाई मात्र खदखदून हसल्या. "काय डोकं लावलंय पोरीनं! एकीला मान दिला की दुसरीला द्यायचाच! जावांच्या रुसव्यापायी किती मांडव नासलेले बघितलेत मी. हे असंच राहू दे. आणि काम धाकटीचंच, ठरलं!"

"अहो, ते माझं चुकून झालंय," शर्वाणी लाजून म्हणाली, आणि मागे वळली. "आक्का, तुमच्या नजरेतून कसं हो सुटलं?"

"सुटलं खरं," दमयंती म्हणाली.

जगदाळेबाई आणि शर्वाणी चहाला खाली गेल्या. हसण्याचे आवाज जिन्यावरून उतरत गेले, विरत गेले. दमयंती एकटी उरली, ती आणि टेबलावर राहिलेल्या फोनवरच्या दोन अक्षता. धाकटीची तेवढी पुसावी, क्षणभर तरी पुसावी, म्हणून तिने त्या चौकटीवर बोट टेकलं. धाकटीची अक्षत गेली. थोरलीचीही गेली. तिने पुन्हा टेकलं, दोन्ही भरल्या. पुन्हा टेकलं, आणि शेजारी शेजारी, एका नावाच्या, दोन्ही चौकटी रित्या झाल्या.