आधी नीट बघा

जळगावच्या छायाचित्रकार मंडळाची एक रीत होती. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये दोरी बांधायची, ज्याने त्याने आपला फोटो चिमट्याने अडकवायचा, आणि मग योगेंद्रने लाल पेन घेऊन दोरीसमोरून फिरायचं. योगेंद्रचा स्टुडिओ जुना, हात कसलेला आणि जीभ तिखट. लग्नाच्या अल्बमच्या प्रुफांवर फुल्या मारायची त्याची सवय, ती इथेही चाले. कुणाच्या फोटोवर फुली पडली की बाकीचे हसत, कारण त्यांची स्वतःची पाळी अजून यायची असे. आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हीच माणसं एकमेकांच्या कुठल्याही फोटोखाली ‘जबरदस्त’ लिहून मोकळी होत. समोर चिमटे, पाठीमागे गोडवे. खरं सांगायचं तर दोन्हीकडे फोटो कुणी बघतच नव्हतं.

या रविवारी फैजपूरच्या संघमित्राने पहिल्यांदाच फोटो लावला होता. डोक्यावर केळीचा घड घेऊन बागेतून निघालेली म्हातारी. फोटो वाकडा होता, यात शंका नाही. योगेंद्रने म्हातारीच्या चेहऱ्यावरूनच तिरपी लाल रेघ ओढली आणि विचारलं, "ही बाई पडतेय, की फोटो काढणारी?"

हॉल खदखदून हसला. योगेंद्रला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बुधवारी तो धुळ्याला लीलाधर आबांकडे गेला. आबा कॅमेरे दुरुस्त करत. योगेंद्रने पहिला कॅमेरा हातात धरला तो याच दुकानात. त्याच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं होतं, ते दाखवताना त्याची नजर टेबलावरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे गेली. पट्ट्यावर निळ्या दोऱ्याने ‘संघमित्रा’ असं विणलं होतं.

"हा इथं कसा?"

"विकायला ठेवला पोरीनं. पिंपळनेरचा माणूस चारला न्यायला येतोय." आबांनी मान वर केली नाही. घड्याळात साडेतीन वाजले होते.

योगेंद्र तोऱ्यातच बोलला. "एवढ्या तेवढ्यावरून कॅमेरा विकायचा? फोटो वाकडा होता आबा. चूक दाखवायचीच नाही का?"

"वाकडा शे, हाई मालेबी दिसस." आबा अहिराणीवर आले. पोरीने कॅमेऱ्यासोबत ठेवलेला तो फोटो खणातून काढून त्यांनी पालथा घातला. "आते तू सांग. फोटोमा काय शे?"

"म्हातारी. घड. मागे झाडं."

"आन?"

योगेंद्र आठवू लागला. त्याला ती तिरपी रेघ आठवली, लोकांचं हसणं आठवलं, पण फोटोतलं आणखी काहीच आठवेना. पंचवीस वर्षं फोटो काढणारा माणूस, आणि ज्याची चिरफाड केली तो फोटो त्याने पाहिलाच नव्हता.

"ती फोटोतली झुंबरबाई," आबा आता सावकाश, शुद्ध बोलू लागले, "पोरीची आजी. रविवारी मागच्या रांगेत बसली होती. नात म्हणाली होती, आजी, तुझा फोटो लागलेला बघायला चल."

योगेंद्रला ती आठवली. हिरव्या लुगड्यातली बाई. शाळेची झाडूवाली असेल असं समजून त्याने तिला पंखा लावायला सांगितलं होतं, आणि तिने उठून लावलाही होता.

"सगळे हसले म्हणून ती पण हसली रे," आबा म्हणाले. "नातीला ते सहन झालं नाही."

योगेंद्रने घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार झाले होते. "तुम्ही त्या माणसाला थोपवा."

"मी कसा थोपवू? तिना कॅमेरा, तिनी मर्जी. फोन लाव तिले."

पहिला फोन उचलला गेला नाही. दुसराही नाही. तिसऱ्याला आवाज आला, "बोला सर."

"संघमित्रा, माझं चुकलं. मी आजींची..."

"माफी राहू द्या. तुम्ही फोटोबद्दल बोलायला होतात तिथे. ते राहिलंय."

योगेंद्रने पालथा फोटो सुलटा केला. लाल रेघेखालून तो चेहरा पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होता.

"आजींची मान," तो अडखळत म्हणाला. "एवढं ओझं आहे, तरी मान ताठ आहे. लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, ते तू लपवले नाहीस, हे चांगलं केलंस. तुला त्यांचं ओझं दाखवायचं होतं, की मान?"

पलीकडून हळूच, "मान."

"मग फोटो वाकडा असल्यामुळे नजर आधी झाडांकडे जाते. झाडं कलंडलेली दिसतात आणि मान राहून जाते. तू कुठे उभी होतीस?"

"पाटाच्या काठावर. पाय घसरत होता."

"पाटात उतरून काढला असतास, तर सरळ आला असता, आणि आजी आभाळाला टेकल्या असत्या."

बाहेर मोटरसायकल थांबली. पिंपळनेरचा माणूस आत आला. आबांनी त्याला बोटानेच थांबवलं.

"हे रविवारी का नाही सांगितलंत?" संघमित्राने विचारलं. "मी उतरले असते हो पाटात."

"मी फोटो बघितलाच नव्हता," योगेंद्र म्हणाला. हे कबूल करणं त्याला माफीपेक्षा जड गेलं.

मग ती म्हणाली, "फोन आबांना द्या."

आबांनी ऐकलं, हुंकार भरला आणि आलेल्या माणसाला म्हणाले, "भाऊ, माफ कर. हा कॅमेरा विकायचा नाही."

पुढच्या बैठकीत दोरीवर पहिला फोटो योगेंद्रने स्वतःचा लावला. पद्मालयचं तळं, पहाटेचं, त्याचा सगळ्यात लाडका. पहिल्या रांगेत त्याने झुंबरबाईंना बसवलं, सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली आणि म्हणाला, "आजी, तुम्ही सांगा."

बाई उठल्या. फोटोजवळ गेल्या, आणि इतका वेळ बघत राहिल्या की हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

"पानी लय गोड आलंय," त्या म्हणाल्या. "थंडी वाजते पाहून. पन बाबा, इतक्या पहाटे तू तिथं गेला, तुले तिथं एकबी मानूस नाही दिसला?"

कुणी हसलं नाही. योगेंद्रला आठवलं, काठावर कपडे धुणाऱ्या दोन बाया होत्या. फोटो बिघडतो म्हणून त्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं.

मंडळी, खोटी वाहवा माणसाला जागच्या जागी ठेवते आणि टवाळी त्याला घरी पाठवते. दुसऱ्याच्या कामावर बोलायचा हक्क नीट बघणाऱ्यालाच असतो. आधी बघा, काय साधलं ते सांगा, त्याला काय करायचं होतं ते विचारा, आणि मगच उणीव दाखवा. झुंबरबाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी फक्त फोटो पाहिला होता.